बेसिनमधला गुलाबी फेस: हिरड्यांच्या आजाराची पहिली ओळख

ब्रश करून थुंकलं आणि फेस गुलाबी दिसला की आपण म्हणतो, "ब्रश टोचला वाटतं." मग मऊ ब्रश येतो आणि जिथून रक्त येतं ती जागा सोडून बाकीचे दात घासले जातात. मी हे चार वर्षं केलं. डावीकडच्या खालच्या दाढांना रोज बगल दिली आणि शेवटी त्यातलीच एक दाढ हलायला लागली. दुखली मात्र एकदाही नाही. दुखली असती तर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो असतो, आणि कदाचित ती आज तोंडात असती.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी नुकतंच ते रक्त पाहिलंय, किंवा ज्यांना कोणीतरी "तुम्हाला पायोरिया आहे" असं सांगून घाबरवलंय. मी डॉक्टर नाही. मी बराच काळ खुर्चीत तोंड उघडून पडलेला आणि नंतर बरंच वाचलेला रुग्ण आहे.

पहिली पायरी: आरसा, टॉर्च आणि स्वतःची जीभ

मोबाइलचा टॉर्च लावा, ओठ बोटाने वर ओढा आणि हिरड्या नीट बघा. रंगावर जाऊ नका. आपल्याकडे कित्येकांच्या हिरड्या मुळातच काळपट, तपकिरी, मधेमधे पट्टे असलेल्या असतात. कातडीचा असतो तसाच तो रंग, त्यात आजार काही नाही. बघायचं ते हिरडीच्या काठाकडे. निरोगी हिरडीचा काठ दाताला चापून बसलेला असतो आणि दोन दातांच्या मधे तिचं टोकदार त्रिकोणी टोक दिसतं. सुजलेली हिरडी गोलसर, चकचकीत, जरा फुगीर दिसते. त्रिकोणाच्या जागी काळी फट दिसत असेल तर हिरडी तिथून खाली सरकली आहे.

आता जीभ खालच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवा. प्रत्येक दात वेगळा न लागता एकच खरखरीत भिंत लागली तर ते कीटण. ते तिथेच का जास्त साठतं, तर जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं नेमकी त्या दातांमागे उघडतात आणि लाळेतलं कॅल्शियम दातांवरच्या चिकट थरात बसून त्याचा दगड होतो.

तिसरी तपासणी जरा किळसवाणी आहे, पण माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. दोन दाढांच्या मधून फ्लॉसचा दोरा फिरवा आणि त्याचा वास घ्या. आपल्या तोंडाचा वास आपल्याला येत नाही, दोऱ्याचा येतो.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक सूचना. रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. निकोटीनमुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत हाड झिजत असलं तरी बाहेर थेंब दिसत नाही. धूर बंद केल्यावर काही आठवड्यांनी रक्त यायला लागलं, तर "सिगारेट सोडली आणि हिरड्या बिघडल्या" असा उलटा निष्कर्ष काढू नका.

आत नेमकं काय होतं

दातांवर सतत एक चिकट पांढुरका थर धरत असतो, त्याला प्लाक म्हणतात. तो जिवाणूंचा असतो, आणि नुसत्या चुळेने निघत नाही, घासावाच लागतो. १९६५ मध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना त्यांनी दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांच्या आजाराबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: सुरुवातीची सूज पूर्ण मागे जाते, आणि ती मागे न्यायचं हत्यार आपल्या बाथरूममध्येच असतं. म्हणजे रक्त येतं ती जागा टाळायची नसते, तीच नीट घासायची असते. माझी चार वर्षं नेमकी उलटी गेली.

या पहिल्या टप्प्याला जिंजिव्हायटिस म्हणतात. तो तसाच राहिला की काही जणांत, सगळ्यांत नव्हे, पुढचा टप्पा येतो तो पेरिओडोंटायटिस, म्हणजे ज्याला आपण पायोरिया म्हणतो तो. हिरडी आणि दात यांच्यात एरवी १ ते ३ मिलिमीटरची खाच असते. सूज टिकली की हिरडी दातापासून सुटते, खाच खोल होऊन तिचा खिसा बनतो, आणि त्या अंधाऱ्या, प्राणवायू नसलेल्या खिशात वेगळ्याच जातीचे जिवाणू वस्ती करतात. तिथे ब्रश पोचत नाही. जिवाणूंशी लढताना आपलंच शरीर दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड विरघळवायला लागतं. गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही. या आजारात हाती असतं ते मुख्यतः "आहे तिथे थांबवणं". आणि ते बहुतेक वेळा जमतं, म्हणून धीर सोडू नका.

दोष ब्रशचा नसतो तेव्हा

दवाखान्याकडे वळण्याआधी हे काही अपवाद तपासून घ्या.

पावसाळ्यात ताप आहे किंवा ताप नुकताच उतरलाय, आणि अचानक हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त यायला लागलं, तर ते दातांचं काम नाही. डेंग्यूमधलं ते धोक्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी, आणि अंगदुखीसाठी मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घ्यायचं नाही.

रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन, फिटसाठी फेनिटोइन किंवा किडनी बदलल्यावर सायक्लोस्पोरिन घेणाऱ्यांच्या हिरड्या कधीकधी दातांवर चढतात, गुठळ्यांसारख्या वाढतात. गोळी स्वतः बंद करू नका. ज्यांनी ती दिली त्यांना हिरड्या दाखवा, बऱ्याचदा पर्याय असतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचंही तेच: रक्त जास्त येऊ शकतं, पण त्या मनाने थांबवणं हिरड्यांच्या रक्तापेक्षा कितीतरी धोक्याचं. कारण सापडत नाही, अंगावर निळे डागही उठतात, थकवा आहे, असं असेल तर रक्ताची साधी तपासणी करून घ्या.

बाकी शरीराशी याचा काय संबंध

इथे जरा रेंगाळतो, कारण व्हॉट्सॲपवर याच विषयाची सगळ्यात जास्त भेसळ फिरते. "हिरड्या सुजल्या की हार्ट अटॅक" असले संदेश वाचून लोक एकतर हादरतात किंवा हसून सोडून देतात, आणि दोन्हीतून दात घासले जात नाहीत.

सगळ्यात पक्का धागा मधुमेहाचा, आणि तो दोन्ही बाजूंनी ओढला जातो. साखर वाढलेली असली की सूज लवकर चढते, जखम उशिरा भरते आणि हाड वेगाने जातं. उलट बाजूने, हिरड्यांमधली सततची सूज शरीराला इन्सुलिन नीट वापरू देत नाही. २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा तीसहून अधिक चाचण्या एकत्र तपासल्या. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली आलेलं दिसलं. म्हणजे ८.२ असेल तर ७.८. त्याने गोळी सुटणार नाही, पण नुसते दात स्वच्छ करून एवढं मिळत असेल तर ते सोडण्यात शहाणपण नाही. आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीतून दिसलं. पायांची आणि डोळ्यांची तपासणी आता बरेच जण करतात; त्या यादीत हिरड्या क्वचितच असतात. माझ्या बाबतीत हिरड्यांचा प्रश्न आधी साखरेच्याच डॉक्टरांनी काढला. दर सहा महिन्यांनी अहवाल वाचून "गोड बंद आहे ना?" असं विचारणाऱ्यांनी एकदा "ब्रश करताना रक्त येतं का?" असं विचारलं.

हृदयाबद्दल बोलताना जपून. पायोरिया असलेल्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त दिसतात, हे अनेक अभ्यासांत आढळलंय. पण तंबाखू, मधुमेह, वय हे दोन्हीकडचे सामाईक धागे आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की संबंध आहे, पण एकामुळे दुसरं होतं हे सिद्ध झालेलं नाही. तेव्हा "हिरड्या साफ केल्या म्हणजे हृदय सुरक्षित" असं कोणी पॅकेज विकत असेल तर पैसे खिशात ठेवा. एक अपवाद खराखुरा आहे: हृदयाची कृत्रिम झडप असलेल्यांना, किंवा झडपेला आधी जंतुसंसर्ग होऊन गेलेल्यांना, हिरड्यांच्या कामाआधी प्रतिजैविकाचा एक डोस लागतो. अशांनी खुर्चीत बसण्याआधीच सांगायचं.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे हिरड्या चटकन सुजतात. "दिवस गेलेत, आता दाताचं काही नको" हा घरातला सल्ला मात्र चुकीचा. २००६ मध्ये अमेरिकेत ८०० हून अधिक गरोदर स्त्रियांवरच्या चाचणीत मधल्या तिमाहीत दात साफ करणं सुरक्षित असल्याचं दिसलं. त्याने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतील ही आशा मात्र तिथे फळली नाही. म्हणजे करायचं ते आईच्या हिरड्यांसाठी, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

स्मृतिभ्रंशाचंही असंच. २०१९ मध्ये हिरड्यांतल्या एका जिवाणूच्या खुणा अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत सापडल्याची बातमी गाजली. त्या जिवाणूवर बेतलेलं औषध २०२१ मध्ये मोठ्या चाचणीत मुख्य कसोटीवर उतरलं नाही, ती बातमी फारशी फिरली नाही.

आणि ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही तो परिणाम आपल्या ताटातच दिसतो. दाढा गेल्या की भाकरी सुटते. मग शेंगदाणे, काकडी, मटकीची उसळ, पेरू. उरतो तो मऊ भात आणि चहात बुडवलेलं बिस्किट. साठीतल्या माणसाची साखर आणि ताकद दोन्ही याच वाटेने बिघडत जातात, आणि घरचे म्हणतात "हल्ली जेवणच जात नाही."

दवाखान्यात काय व्हायला हवं

पहिली भेट कोणत्याही बीडीएस दंतवैद्याकडे चालते. आजार पुढे गेलेला असेल तर हिरड्यांचे तज्ज्ञ म्हणजे पेरिओडोंटिस्ट असतात. पाटीवर एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, लिहिलेलं असतं, पण एमडीएस अनेक शाखांत होतं, म्हणून शाखा विचारा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जातो, शिकाऊ डॉक्टर हात लावतात, पण वर शिक्षक उभे असतात आणि घाईत काही उरकलं जात नाही. मी दोन्हीकडे जाऊन आलोय. सावकाश आणि नीट काम मला महाविद्यालयातच मिळालं.

जाताना चालू औषधांची चिठ्ठी न्या. मधुमेह, हृदयाची शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं किंवा गोळ्या, तंबाखू हे सगळं सांगा. तंबाखूचं खोटं बोलू नका, दात बघून त्यांना कळतंच.

तपासणी खरी झाली की नाही हे ओळखायची एक खूण आहे. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई हिरडी आणि दाताच्या मधे हलकेच घालतात आणि आकडे बोलतात: "तीन, दोन, चार… सहा." प्रत्येक दाताच्या सहा जागा. तीनपर्यंत ठीक, चार-पाच म्हणजे लक्ष द्या, सहा आणि पुढे म्हणजे खोल खिसा. हे आकडे लिहून मागा. पुढच्या वेळी कमी झाले का, हे त्याशिवाय कळणार नाही. सोबत एक्स-रे, म्हणजे हाड किती उरलंय ते दिसतं. माझ्या आधीच्या एका दवाखान्यात दर वर्षी "क्लिनिंग" होत होतं, पण ही सळई तिथे मी एकदाही पाहिली नाही.

मग स्केलिंग. कंप पावणाऱ्या उपकरणाने कीटण उडवतात. खिसे खोल असतील तर भूल देऊन मुळांवरूनही ते खरवडतात, दोन-तीन बैठकींत. "स्केलिंगने दात हलतात" ही आपल्याकडची सगळ्यात चिवट समजूत. होतं असं की सुजलेल्या हिरड्या आणि कीटणाच्या आधाराने उभे असलेले दात, तो आधार गेल्यावर आपली खरी अवस्था दाखवतात. फटी दिसतात, थंड पाणी झिणझिणतं. झिणझिणी बहुतेकांची काही आठवड्यांत कमी होते. फटी राहतात. त्याची मनाची तयारी आधीच करून ठेवा, मी केली नव्हती आणि घरी येऊन आरशासमोर चांगलाच खट्टू झालो होतो.

सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा मापं घेतात. तरीही खोल खिसे उरले असतील तिथेच शस्त्रक्रियेचा विषय निघतो, म्हणजे हिरडी बाजूला करून आत साफ करायचं, काही ठिकाणी हाडाची पूड भरायची. मापं न घेता पहिल्याच भेटीत सगळ्या तोंडाची लेसर शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर दुसरं मत घ्या. आणि नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी पायोरिया जात नाही. थर जागचा हलल्याशिवाय औषध आत पोचतच नाही.

रोजचं काम

मऊ ब्रश. केस हिरडी आणि दात जिथे भेटतात तिथे तिरपे, ४५ अंशांत टेकवायचे आणि जागच्या जागी हलकेच थरथरवायचे; नंतर पुढच्या दोन दातांवर. भांडी घासल्यासारखं आडवं खसाखसा करू नका. दोन मिनिटं, दोन वेळा. एकच वेळ जमत असेल तर रात्रीची निवडा.

ब्रश दोन दातांच्या मधे पोचत नाही आणि पायोरिया सुरू होतो तो बहुधा तिथेच. दात चिकटून असतील तर फ्लॉस. फटी पडल्या असतील तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं बारकं पिल्लू. मला विचाराल तर हिरड्यांच्या रुग्णाने महागड्या पेस्टवर खर्च करण्यापेक्षा हे घ्यावेत. पहिले काही दिवस रक्त जास्त येईल. नेमाने केलं तर दहा-पंधरा दिवसांत कमी होतं. तसं झालं नाही तर आत कीटण आहे, आणि ते घरी निघत नाही.

क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश डॉक्टरांनी दिलं तर साधारण दोन आठवडेच. जास्त वापरलं की दात तपकिरी पडतात, जेवणाची चव बदलते. आणि ते ब्रशनंतर लगेच नको, अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, पेस्टमधल्या फेसाने त्याचा जोर कमी होतो.

मिश्रीबद्दल लिहिलं नाही तर मराठीत हा लेख अपुरा राहील. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आजही अनेक घरांत बायका "दात घासायला" म्हणून लावतात, दिवसातून तीन-तीनदा. १९९२ मध्ये सरकारने दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर ती कशी पोचणार? मिश्रीने दात स्वच्छ होत नाहीत. ती लावतो तिथली हिरडी खाली सरकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. "सोड" म्हणून ती सुटत नाही, कारण ते व्यसन आहे. १८०० ११ २३५६ ही तंबाखू सोडायची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, ती या बायकांसाठीही आहे. कोळसा, राख, विटेची पूड यांनी दाताचं वरचं आवरण झिजतं. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून मऊ केली तर बाहेरच्या बाजूने बरं काम करते, आतल्या बाजूला आणि दाढांमागे पोचत नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, थर निघत नाही.

उपचार झाल्यावर दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. इथेच बहुतेक जण गळतात, कारण सगळं बरं वाटत असतं. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना अडचण यायला लागली तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं.

ज्यांचे हात आता चालत नाहीत

घरात अंथरुणाला खिळलेलं किंवा हात थरथरणारं माणूस असेल तर त्यांचं तोंड आपल्याला साफ करावं लागतं. तोंडातली घाण लाळेबरोबर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि वृद्धाश्रमांत रोज तोंड स्वच्छ ठेवल्यावर तो कमी होतो, असं जपानमधल्या अभ्यासात दिसलंय. बसता येत असेल तर खुर्चीत बसवा, आपण मागे उभे राहा, त्यांचं डोकं आपल्या पोटाशी टेकवा, हनुवटी किंचित खाली. झोपूनच असतील तर कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल. पेस्ट वाटाण्याएवढीही नको, ओला ब्रश चालतो. ठसका लागत असेल तर पाणी देऊ नका, ओल्या स्वच्छ फडक्याने पुसून घ्या. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा, आणि तिच्याखालच्या हिरड्याही पुसा. स्वतःच्या हाताने जमत असेल पण ब्रश निसटत असेल, तर दांड्यावर सायकलच्या मुठीचं रबर चढवा. आमच्या आत्याला ते एवढं आवडलं की तिने चमच्यालाही बसवून घेतलं.